सांग त्यांना

लिफ्ट दुरुस्त करणारा माणूस भित्रा असेल असं कुणाच्या मनातही येत नाही. खाली सात-आठ मजल्यांची पोकळी, पायाखाली केबिनचा टप, हातात पाना, दातांत बॅटरी धरलेली. अशा जागी जो दिवस काढतो त्याला कसली आलीय भीती? पण ही गोष्ट ज्याची आहे तो धाकटा पक्का भित्रा होता. उंचीला भ्यायचा नाही, अंधाराला नाही, विजेच्या धक्क्याचं तर त्याला कौतुकच नव्हतं. तो भ्यायचा स्वतःच्या घराच्या दाराला.

संध्याकाळी कामावरून आला की जिना चढून तो दाराशी उभा राहायचा. किल्ली हातात असायची, पण लगेच लावायचा नाही. आधी कान द्यायचा. आतून दोन आवाज यायला हवेत. एक स्वयंपाकघरातला, भांड्यांचा, आणि एक पुढच्या खोलीतला, बाबांच्या खोकल्याचा नाहीतर रेडिओचा. दोन्ही आले की जिवात जीव यायचा. एकच आला की घाईघाईने किल्ली लावायचा. आत जाऊन बघावं तर आई नुसतीच खिडकीशी बसलेली असायची, किंवा बाबांचा खुर्चीतच डोळा लागलेला असायचा. काही म्हणता काही झालेलं नसायचं. तरी रोज तो तसाच थांबायचा.

धाकटा हे त्याचं घरातलं नाव. ताईच्या पाठचा म्हणून धाकटा. पुढे ते गल्लीनेही उचललं, आणि तिशी उलटली, कानाशी दोन-चार केस पांढरे झाले तरी तो धाकटाच राहिला. या वयाचा कमावता गडी अजून आईबापांच्या घरात राहतो म्हटल्यावर लोक गप्प बसतात होय? खालच्या मजल्यावरचा सुतार तर जाता-येता रंधा थांबवून विचारायचा, "काय रे, आईच्या हातचं सुटत नाही वाटतं?" कुणी म्हणायचं, फुकटचं छप्पर कोण सोडतो. कुणी म्हणायचं, पोरगी मिळत नसेल. कुणी म्हणायचं, आळशी आहे, कपडे धुवायला नकोत. धाकटा हसून वेळ मारून न्यायचा. खरं कारण सांगितलं असतं तर लोकांनी त्याला वेड्यात काढलं असतं.

खरं कारण असं की त्याच्या घरात अबोला होता. धाकट्याशी दोघंही बोलायचे, अगदी भरभरून बोलायचे. एकमेकांशी मात्र आठ-नऊ वर्षांत आई आणि बाबा एक शब्द बोलले नव्हते.

सुरुवात झाली ताईमुळे. ताईला लांबच्या गावी नोकरी लागली, बाबा नको म्हणाले, ती ऐकेना. ती बॅग घेऊन निघाली तेव्हा बाबा दारात म्हणाले, "गेलीस तर परत येऊ नकोस." आईने ते ऐकलं आणि तिथल्या तिथे सांगून टाकलं, "ती परत या घरात येईपर्यंत मी तुमच्याशी बोलायची नाही." आईचा स्वभाव असा की एकदा म्हणाली ते म्हणाली. आता गंमत बघा. ताई वर्ष-दीड वर्षात परत आली. चांगली चार दिवस राहिली. तिची बॅग बाबांनी स्वतः जिना चढून वर आणली, वर तिलाच विचारलं, "वाळलीस का गं एवढी?" झालं, भांडण मिटलं. त्या दिवशी जेवताना आईने मान वर केली होती. बाबांनी घसाही खाकरला होता. धाकट्याने घास हातातच धरून ठेवला होता. नेमकी तेवढ्यात ताई कशावरून तरी खळखळून हसली, सगळे तिच्याकडे वळले, आणि ती वेळ निघून गेली. आधी कोण बोलणार? बाबा म्हणत, बोलणं तिने सोडलं, तिनेच सुरू करावं. आई म्हणे, चूक त्यांची, त्यांनीच सुरू करावं. भांडणाचं कारण संपलं, अबोला मात्र घरातच राहिला, आणि पुढे तो कुणाला खटकेनासा झाला.

तेव्हापासून धाकटा घरातला निरोप्या झाला. आई स्वयंपाकघरातून म्हणायची, "सांग त्यांना, पाणी तापलंय." बाबा चार हातांवर बसलेले, बहिरे नाहीत, ऐकू आलेलं असायचं. तरी धाकट्याने म्हणायचं, "बाबा, पाणी तापलंय." मग बाबा म्हणायचे, "तिला म्हणावं, येतोच." आणि धाकट्याने मान वळवून म्हणायचं, "आई, येतायत." हा खेळ दिवसातून किती वेळा चालायचा याची मोजदाद नाही. धाकटा निरोप पोचवायचाच, पण वाटेत थोडी साफसफाईही करायचा. बाबा म्हणायचे, "तिला सांग, मीठ घालायला विसरलीय, हल्ली लक्ष कुठे असतं देव जाणे." धाकटा सांगायचा, "आई, बाबांना जरा मीठ हवंय." आई म्हणायची, "सांग त्यांना, तो शर्ट टाकून द्या आता, भिकाऱ्यासारखा दिसतो." धाकटा सांगायचा, "बाबा, तो निळा शर्ट तुम्हाला जास्त शोभतो असं आई म्हणते." बाबा दुसऱ्या दिवशी निळा घालायचे. आईला वाटायचं, ऐकलं बरं का. अशा फसवणुकीवर तो संसार बरा चालला होता.

ही सवय इतकी हाडात शिरली की कामावरही सुटेना. त्याचा वरिष्ठ म्हणजे मिस्त्री, जुना माणूस, तोंडाने फाटका. मिस्त्री वरून पहारेकऱ्याला काही ओरडला की मधे उभा धाकटा तेच पुन्हा पहारेकऱ्याला सांगायचा. "अरे, मला ऐकू येतंय की," पहारेकरी वैतागायचा. मिस्त्री म्हणायचा, "असू दे रे, त्याला दोन माणसं एकमेकांशी बोललेली बघवत नाहीत."

हसण्यासारखंच होतं सगळं, पण धाकट्याला एकदा असं काही दिसलं की त्याचं हसू आटलं.

कंपनीने त्याला नव्या मशिनचं शिक्षण घ्यायला दोन दिवस बाहेर पाठवलं होतं. परत आला तर आईचा डावा हात कोपरापर्यंत लालभडक, वर टपोरा फोड. उकळतं पाणी सांडलं होतं. आणि जेवणाच्या टेबलावर, अगदी मध्यावर, भाजल्यावर लावायच्या मलमाची नवी कोरी ट्यूब. झाकण जसंच्या तसं.

"आई, हे मलम लावलं नाहीस?"

"माझ्यासाठी आहे असं कुणी सांगितलं?" आई म्हणाली.

तो बाबांकडे गेला. बाबा म्हणाले, "ती ओरडली तसा मी उठलो. दुकानात जाऊन घेऊन आलो. तिच्या समोर ठेवलं. आणखी काय करायचं माणसाने?"

धाकट्याने मलम लावून दिलं. लावताना आई उलट त्यालाच समजावत होती, एवढं काही नाही रे. पण त्याच्या डोळ्यांपुढे ते दोन दिवस उभे राहिले. एका खोलीत पोळलेली बाई, दुसऱ्या खोलीत तिच्या काळजीने येरझाऱ्या घालणारा माणूस, मधे टेबल, टेबलावर औषध, आणि हूं नाही की चूं नाही. आज हात भाजला. उद्या छातीत कळ आली तर? त्या दिवसापासून त्याला ती भीती लागली ती लागलीच. दाराशी उभं राहून दोन आवाज ऐकायची सवय तेव्हाची. बाहेरगावचं काम तो घेईना. मित्रांबरोबर कुठे मुक्कामाला जाईना. आपण घरात आहोत तोवर ही दोघं एकमेकांपर्यंत पोचतायत, आपण नसलो की संपलं, असं त्याने स्वतःच्या मनाशी धरून ठेवलं.

आणि अशात त्याला चष्मेवाली भेटली. चष्म्याच्या दुकानात ती लोकांच्या नाकावर चष्मे बसवून द्यायची. दुकानाच्या इमारतीतली लिफ्ट सारखी बिघडायची, आणि नंतर नंतर तर बिघडली नसली तरी धाकटा ती बघायला जायचा. दोघांचं जमलं. लग्न कचेरीत नोंदवायचं, नदीपलीकडे दोन खोल्या बघायच्या, इथपर्यंत गाडी आली आणि तिथेच अडकली. आज सांगतो, उद्या सांगतो. चष्मेवाली मोकळ्या स्वभावाची. एक दिवस तिने त्याला दुकानाबाहेरच्या बाकावर बसवलं.

"तुला माझ्याशी लग्न करायचं नाहीये का?"

"करायचंय गं."

"मग घाबरतोस कशाला?"

तेव्हा त्याने पहिल्यांदा कुणाला तरी सगळं सांगितलं. मलमाचंही सांगितलं. तिने शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाली, "मी तुझ्या घरी येऊन राहिले असते. पण मग ते निरोप आपण दोघं पोचवणार. पुढे आपली पोरं पोचवणार. मला ते नको. खोल्या मी ठरवल्यात. तू आलास तर आनंद आहे. नाही आलास तर मी रडेन, पण थांबणार नाही."

दोन्हीकडून भीतीच होती. इकडे घर, तिकडे ही. पण ती उठून दुकानात गेली तेव्हा तिची पाठ बघून त्याला जी धडकी भरली, ती त्या क्षणी जरा मोठी निघाली.

घरी त्याने जेवताना सांगितलं. नजर ताटात ठेवून सांगितलं.

मग आई म्हणाली, "सांग त्यांना, पोरगा घर सोडून जातोय."

"बाबा..." धाकटा म्हणाला आणि थांबला.

"तिला सांग, ऐकलं मी," बाबा म्हणाले. "तिला म्हणावं, या खेपेला मी कुणाला काही बोलणार नाही. जाऊ दे म्हणावं त्याला सुखाने."

आई उठून आत गेली. नळ सोडल्याचा आवाज आला. आईला रडायचं असलं की ती भांडी घासायची.

लग्न झालं, धाकटा नदीपलीकडे गेला. गेला म्हणजे काय, शरीराने गेला. पहिल्याच सकाळी आईचा फोन. "सांग त्यांना, चहा ठेवलाय." धाकट्याने तो फोन ठेवला, बाबांना लावला, "बाबा, चहा ठेवलाय." बाबा म्हणाले, "तिला सांग, साखर कमी." एकाच घरातला निरोप नदी ओलांडून जायचा आणि नदी ओलांडून परत यायचा. चष्मेवालीने पहिल्या दिवशी पोट धरून हसून घेतलं. आठवड्याने तिचं हसू मावळलं. पण धाकट्याला उलट त्या फोनचा आधार वाटायचा. फोन आला म्हणजे दोघं आहेत. बाबाही आता फोन सदऱ्याच्या खिशातच ठेवायचे, न्हाणीघरात जातानासुद्धा घेऊन जायचे, खिडकीच्या कट्ट्यावर ठेवायचे. न जाणो, मुलाचा निरोप यायचा.

असे काही महिने गेले. आणि मग ती सकाळ आली.

धाकटा एका कचेरीच्या इमारतीत केबिनच्या टपावर उभा होता. मिस्त्री वर मशिनच्या खोलीत. खिशात फोन थरथरला. आईचा. आवाजात थोडा रुसवा होता.

"झालं का तुमचं बोलून? झालं असेल तर सांग त्यांना, नळ बंद करा म्हणावं. केव्हाचं पाणी वाहतंय."

"कुणाचं बोलून?"

"तुझं आणि त्यांचं. मला फोन करायला तुला सवड नसते, त्यांच्याशी बरा न्हाणीघरातसुद्धा बोलतोस."

"आई, मी आज बाबांशी बोललोच नाही."

"असं कसं? भिंतीपलीकडून चांगलं ऐकू आलं मला. 'धाकट्या, अरे धाकट्या' चाललं होतं त्यांचं कितीतरी वेळ."

धाकट्याने एका हाताने दोर घट्ट धरला. खालची पोकळी त्याला इतक्या वर्षांत पहिल्यांदाच दिसली.

"आई," तो म्हणाला, "फोन कापू नकोस. ताईचा जुना फोन घरात पडलाय ना, त्यावरून बाबांना लाव."

आईने लावला. तिच्या फोनमधून धाकट्याला घंटा ऐकू आली, बाबांच्या फोनची, जवळ, स्वच्छ.

"इथे वाजतोय रे," आई म्हणाली. "टेबलावर. चार्जिंगला लावलाय." आणि मग आईचा आवाज एकदम बारीक झाला. "मग ते बोलत कुणाशी होते?"

"मला हाका मारत होते, आई. पडलेत ते. दार वाजव."

दारावर थाप पडली. पुन्हा पडली. पाण्याचा आवाज तेवढा येत होता.

"हाक मार त्यांना."

काहीच नाही. नुसता आईचा श्वास. धाकटा टपावर खाली बसला.

"आई, हाक मार!"

"काय म्हणून मारू?" आई म्हणाली. तिला रडू फुटत होतं. "धाकट्या, माझ्या तोंडून निघत नाहीये रे. तू ये. तू ये आणि तू मार."

"मी यायला वेळ लागेल. आई, पूर्वी मारायचीस तशी मार. कशीही मार."

वरून मिस्त्री विचारत होता, काय झालं, काय झालं. धाकट्याने त्याला उत्तर दिलं नाही. तो फोन कानाला इतका दाबून बसला होता की कान दुखत होता. पलीकडे आईने एकदा घसा साफ केला. मग तिचा आवाज आला, घोगरा, कुणा परक्या बाईचा असावा तसा.

"अहो."

पाणी वाहत होतं.

"अहो! अहो, ऐकताय ना? अहो!"

आणि भिंतीपलीकडून, दारापलीकडून, फोनमधून, अगदी पुसट आवाज आला. "अगं, इथे आहे मी."

पुढचं सगळं धावपळीचं. धाकट्याने आईला खालच्या सुताराला बोलवायला सांगितलं. सुताराने पटाशी घालून कडी उखडली. मिस्त्रीने धाकट्याला स्वतःच्या गाडीवर बसवलं आणि वाटेत एकदाही शिवी दिली नाही, यावरूनच काय ते समजा. धाकटा पोचला तेव्हा बाबांना ओल्या फरशीवरून उचलून चादरीत गुंडाळलं होतं. ओठ निळे पडले होते. एक पाय भलत्याच बाजूला वळला होता. आई त्यांच्या डोक्याशी बसून त्यांचे केस पुसत होती आणि एक शब्द बोलत नव्हती.

खुब्याचं हाड मोडलं होतं. डॉक्टर म्हणाले, शस्त्रक्रिया करू, होईल बरं, पण आणखी थोडा वेळ गार पाण्यात पडून राहिले असते तर काही खरं नव्हतं. धाकट्याने मान डोलावली. ज्याला तो इतकी वर्षं भीत होता तेच झालं होतं, आणि तो घरात नसताना झालं होतं. त्याने तिथेच मनाशी ठरवून टाकलं की चष्मेवालीची क्षमा मागायची आणि आजच परत आईबाबांच्या घरी राहायला जायचं. ती सोडून गेली तर जाईल. हे पुन्हा नको.

शस्त्रक्रिया पार पडली. दुसऱ्या दिवशी दुपारी बाबा शुद्धीवर होते, पडल्या पडल्या छताकडे बघत होते. आई डबा आणायला गेली होती. धाकट्याने खुर्ची जवळ ओढली.

"बाबा, हाक का नाही मारलीत?"

"मारली की. तुला मारली."

"मी नव्हतो ना घरात."

"ते मागाहून आठवलं," बाबा म्हणाले. "पडल्यावर तोंडातून तुझंच नाव आलं. सवय. मग म्हटलं, अरे, तो तर गेला."

"मग आईला का नाही मारलीत? ती भिंतीपलीकडेच होती, बाबा."

बाबांनी तोंड फिरवलं. तेवढ्यात आई डबा घेऊन आली. काल ती "अहो" म्हणाली होती खरी, पण बाबा वाचले म्हटल्यावर तिचं तोंड पुन्हा मिटलं होतं. तिने डबा उघडला, चमचा पुसला, आणि धाकट्याकडे बघून म्हणाली, "सांग त्यांना, थोडं खाऊन घ्या."

धाकट्याच्या ओठांवर शब्द आलेही. बाबा त्याच्याकडे बघत होते, आई त्याच्याकडे बघत होती. दोघांचे चेहरे म्हातारे दिसत होते. त्याला तेव्हा जी भीती वाटली ती आदल्या दिवशी टपावरही वाटली नव्हती. कारण काल काय करायचं ते माहीत होतं. आज काहीही न करणं, एवढंच करायचं होतं. तो उठला आणि काही न बोलता बाहेर गेला. दार ओढून घेतलं आणि पाठ दाराला लावून उभा राहिला.

आत शांतता. एक परिचारिका औषधांची ढकलगाडी घेऊन गेली. शांतता. कुणाच्या तरी पोराने रडून घेतलं, गप्प झालं. आत शांतताच. धाकट्याचा हात दोनदा दाराच्या मुठीकडे गेला. त्याने तो खिशात कोंबला. वाटलं, आपण चुकलो, दोघं अशीच बसून राहतील, जेवण गार होईल, संध्याकाळ होईल.

मग आईचा आवाज आला. तिने विचारपूस केली नाही. ती सरळ भांडायला लागली.

"मरायचं होतं का तिथे? हां? मी पलीकडे बसलेय, डाळीतले खडे निवडतेय, आणि तुम्ही तिथे पडून! त्या पोराला हाका मारताय, जो गावाच्या दुसऱ्या टोकाला! मी मेले होते का? मला एक हाक मारली असती तर जीभ झडली असती?"

आत खाट तेवढी करकरली.

"बोला ना! इतकी वर्षं गप्प बसलात ते बसलात, जीव जात होता तेव्हा तरी?"

"भीती वाटली," बाबा म्हणाले.

"कसली?"

"तुला हाक मारली असती," बाबा थांबत थांबत म्हणाले, "आणि तू आली नसतीस तर?"

धाकट्याने डोळे मिटले. आत आईचं भांडण तुटलं. मग तिचं हुंदक्यातून येणारं बोलणं, नीट कळतही नव्हतं.

"आले असते हो. येणार नाही कशी? आले असते."

परिचारिका परतीच्या वाटेवर थांबली आणि तिने विचारलं, "तुमचे आईवडील का? बरं आहे ना सगळं?" धाकट्याने मान हलवली. ती त्याच्या हातात पाण्याचा पेला देऊन गेली.

आई बाहेर आली तेव्हा ऊन उतरलं होतं. डबा रिकामा होता. डोळे सुजले होते.

"झोपलेत," ती म्हणाली. "तू जा आता. ती वाट बघत असेल."

"मी घरी येतो, आई. आपल्या घरी. तिला सांगेन मी."

"नको."

"अगं, पण तू एकटी..."

"एकटी कुठे?" आई म्हणाली. "हे आहेत ना."

ती आत गेली आणि दार लावून घेतलं. धाकटा बसमध्ये बसला. भीती काही उतरली नव्हती, ती तशी एका दिवसात उतरतही नाही. नदी येईपर्यंत त्याने फोन हातात धरून ठेवला होता, दर थांब्याला बघत होता. फोन काही वाजला नाही.